भूक लागू द्या, पण ताट तयार असू द्या

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते. फेब्रुवारीत हळदीची आवक वाढली की सकाळी सातलाच घराबाहेर पडायचे आणि दुपारी एकपर्यंत पाठीवरचं ओझं काही उतरायचं नाही. अकराच्या सुमाराला अडतीवर सगळ्यांसाठी चहाची किटली यायची. सकाळी निघताना ते एक कप घेऊन निघायचे, पण या अकराच्या चहाला हात जोडायचे. "नगं, आता भूक मरंल." सुट्टीत मी त्यांचा डबा पोचवायला जायचे, तेव्हा हे वाक्य कितीतरी वेळा कानावर पडलं. एक वाजता हातपाय धुऊन ते गोदामाच्या ओट्यावर बसायचे, कांदा बुक्कीनं फोडायचे, ज्वारीच्या भाकरीचा तुकडा शेंगदाण्याच्या चटणीत दाबून पहिला घास घ्यायचे आणि तो चावताना क्षणभर डोळे मिटायचे. रोज तेच जेवण. पण त्या घासाची गोडी त्यांच्या चेहऱ्यावर जशी दिसायची, तशी मी पुढे लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही.

भूक मरू नये ही त्यांची काळजी होती. आज आपल्या घरांत भूक लागू नये ही काळजी आहे. विश्रामबागेत नात्यातल्या एका घरी चार वर्षांच्या मुलामागे वाटी-चमचा घेऊन फिरणारी आई मी पाहते. त्या मुलानं 'भूक लागली' असं अजून एकदाही आपणहून म्हटलेलं नाही, कारण तशी सवडच त्याला कुणी दिलेली नाही. कामाला जाणाऱ्याच्या बॅगेत बिस्किटाचा पुडा असतो, टीव्हीपुढे भडंगाचा डबा असतो, पुण्याला निघालेल्या गाडीत कराड यायच्या आत वेफर्सची पाकिटं फुटतात. बैठक कसलीही असो, तिथं चहा-बिस्किटं आलीच पाहिजेत. आणि चुकून कुणी 'मला भूक लागलीये' म्हणालंच, तर आसपासचे तिघं लगबगीनं काहीतरी त्याच्या पुढे करतात. त्यांची माया खरी असते. पण त्या मायेत भुकेला आपण दुखणं ठरवून बसलोय.

मी तीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. त्या शिकवण्यातून आणि त्याहून जास्त आमच्या घरातून माझं जे मत झालं, ते आधीच सांगते. धडधाकट मोठ्या माणसाला दोन जेवणांच्या मधे भूक लागणं चांगलं आहे. ती लागू द्यावी, आणि लागली की लगेच काहीतरी तोंडात टाकायला धावू नये. पण हे फक्त स्वतःपुरतं म्हणावं, आणि जेवायच्या वेळेला आपलं ताट वाढलेलं असणार याची खात्री असेल त्यानंच म्हणावं. या दुसऱ्या अटीबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

आधी पोटातल्या गुडगुडीचं बघू. नववीच्या वर्गात तिसऱ्या तासाला कुणाचं तरी पोट वाजायचं, सगळा वर्ग हसायचा आणि ते मूल लाजून खाली बघायचं. मी त्याच दिवशी तो धडा घ्यायचे. आपण म्हणतो, पोटात कावळे ओरडतात. खरं तर तिथं साफसफाई चालू असते. जठर आणि लहान आतडं रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक जोरदार लाट जठरापासून खाली सरकत जाते आणि उरलासुरला चोथा, मेलेल्या पेशी, जंतू पुढे ढकलते. जेवणं आटोपल्यावर आपण ओटा पुसून घेतो ना, तसंच. ही लाट फक्त रिकाम्या पोटीच येते. मधेच एक बिस्किट गेलं तरी ती थांबते आणि पोट पुन्हा पचनाच्या कामाला लागतं. ज्याच्या तोंडात दिवसभर काही ना काही चालू असतं, त्याचा हा ओटा नीट पुसलाच जात नाही.

भुकेचा निरोप मेंदूला पोचवणारं एक संप्रेरक जठरातच तयार होतं. त्याचं नाव घ्रेलिन. जपानच्या कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी ते 1999 साली शोधलं. त्याची एक गंमत मुलांना फार आवडायची. आपली रोजची जेवायची वेळ जवळ आली की ते आपोआप वाढतं, आणि त्या वेळी खाल्लं नाही तरी तासा-दोन तासांत आपोआप उतरतं. म्हणजे साध्या भुकेची भरती येते आणि ओसरते. ती चढतच जाईल आणि आपल्याला भोवळ येईल, ही भीती निरोगी माणसाच्या बाबतीत खरी नाही. यकृतात साधारण 100 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. दोन जेवणांच्या मधे आणि रात्रभर शरीर याच शिदोरीवर चालतं. संध्याकाळी आठला जेवून सकाळी सातला आपण चालत-बोलत उठतो, ते तिच्याच जोरावर.

मग दुपारी चारला हात फरसाणाच्या डब्याकडे का जातो? आपल्या भाषेत याचं उत्तर आहे. भूक वेगळी, खाखा वेगळी, आणि तोंड चाळवणं वेगळं. माझ्या आजीकडे याची परीक्षा होती. कुणी 'भूक लागली' म्हणालं की ती विचारायची, "शिळी भाकरी आणि तेल-चटणी देऊ?" हो म्हणालं तर भूक खरी. 'नको, दुसरं काहीतरी दे' म्हणालं तर ती म्हणायची, "मग खेळायला जा." भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, ही म्हण तिच्या रोजच्या कारभारात होती. आपल्या हातात आता दर तासाला चवीचं काहीतरी असतं, म्हणून ही परीक्षा घ्यायची वेळच येत नाही. भूक आणि चटक यांतला फरक ओळखायला आधी भूक काय असते ते माहीत असावं लागतं.

मधल्या काळात एक सल्ला घरोघर पोचला होता. दर दोन तासांनी थोडं थोडं खा, म्हणजे पचनाचा वेग वाढतो आणि वजन उतरतं. हे ऐकायला पटतं, पण अन्न पचवायला लागणारी शक्ती एकूण किती खाल्लं यावर ठरते. तेवढंच अन्न सहा वेळा घेतलं काय आणि तीन वेळा घेतलं काय, तिच्यात म्हणावा असा फरक पडत नाही. उलट दर खेपेला रक्तात साखर चढते, तिच्या मागे इन्शुलिन चढतं, आणि इन्शुलिन चढलेलं असेतोवर अंगातली चरबी फारशी सुटत नाही. प्रागमधल्या संशोधकांनी टाइप 2 मधुमेहाच्या 54 रुग्णांना 12 आठवडे दिवसातून सहा वेळा आणि 12 आठवडे फक्त दोन वेळा, सकाळी आणि दुपारी, तेवढ्याच उष्मांकाचं जेवण दिलं. 2014 साली त्यांनी निष्कर्ष छापले. दोन वेळच्या जेवणात वजन जास्त उतरलं. दातांचंही असंच आहे. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दातांना जास्त नडतं, कारण प्रत्येक वेळी तोंडात आम्ल तयार होतं आणि लाळेला ते सावरायला वेळ लागतो.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेलेला 'दिवसातून दोनदाच आणि 55 मिनिटांत जेवा' हा मार्ग सगळ्यांना ठाऊक आहे. तो सगळ्यांना जमेल किंवा मानवेल असं मी म्हणणार नाही. पण त्या निमित्तानं, मधले सहा-सात तास काही खाल्लं नाही तरी आपण मरत नाही, हे हजारो माणसांनी पहिल्यांदा स्वतः अनुभवलं. मला त्याचं मोल मोठं वाटतं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीनं देशात 10.1 कोटी मधुमेही आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे 13.6 कोटी लोक असल्याचा अंदाज दिला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षं सांगताहेत की आपला माणूस दिसायला बारीक असला तरी आतून, पोटाशी चरबी बाळगून असतो. अशा देशात 'मी काही जाड नाही, मला चालतं' असं म्हणत दिवसभर खात राहणं परवडणारं नाही.

इथं एका बाबतीत मात्र हात आखडता घ्यायला हवा. उपाशी राहिलं की शरीर स्वतःची दुरुस्ती करतं, म्हणून सोळा तास, वीस तास काही खाऊ नका, असे निरोप मोबाईलवर फिरत असतात. पेशी स्वतःतला कचरा कसा मोडून वापरते, याच्या शोधासाठी योशिनोरी ओसुमी यांना 2016 साली नोबेल मिळालं हे खरं. पण त्यांचं काम यीस्टवरचं, म्हणजे एका पेशीच्या बुरशीवरचं होतं. माणसात कितव्या तासाला किती दुरुस्ती होते, हे घड्याळ लावून सांगावं एवढा पुरावा आज नाही. चीनमध्ये ग्वांगझूला 139 लठ्ठ माणसांवर वर्षभर अभ्यास झाला. मोजून कमी खाणाऱ्यांपैकी अर्ध्यांना सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच जेवायला सांगितलं होतं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नव्हतं. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक निघाला नाही. तेव्हा भुकेत चमत्कार शोधू नये. मी जिचं समर्थन करते आहे ती चार-पाच तासांची साधी भूक आहे, जी आपल्या आजोबा-पणजोबांना रोज लागायची आणि जिचं त्यांना काही वाटायचं नाही.

जुन्या वैद्यांचा एक दंडक होता. जेवल्यावर एक प्रहर उलटायच्या आत पुन्हा जेवू नये, आणि दोन प्रहर उलटू देऊ नयेत. प्रहर म्हणजे तीन तास. नेहमीचं जेवण जठरातून पुढे सरकायला तीन-चार तास लागतात, हे आजचं शरीरशास्त्रही सांगतं. मला या दंडकात आवडतं ते त्याचं दुसरं टोक. आधीचं पचल्याशिवाय खाऊ नका, असं बजावणाऱ्या याच आयुर्वेदानं भुकेला अधारणीय वेगांमध्ये बसवलं आहे. लघवी, शिंक, झोप जशी दाबून ठेवू नये तशीच भूकही दाबून ठेवू नये. म्हणजे भुकेची वाट बघायची, आणि ती आली की तिला ताटकळत ठेवायचं नाही. उपवासाची थोरवी गाणारे पहिलं टोक घेतात, खाऊ घालणारे दुसरं, आणि दंडक अर्धा-अर्धा वाटला जातो.

"पण उपाशी राहिलं की मला पित्त होतं." हे वाक्य आपल्याकडच्या दर दुसऱ्या बाईच्या तोंडी असतं. माझ्याही तोंडी होतं, वीस वर्षं. तास संपवून स्टाफरूममध्ये आले की आधी दोन बिस्किटं, कारण पित्त उठेल. उठायचंही. अर्धं डोकं ठणकायचं, उजेड नको व्हायचा, उलटी झाली की जरा बरं वाटायचं. उलटीत आंबट पाणी पडतं, म्हणून सगळे त्याला पित्त म्हणायचे आणि मीही म्हणायचे. शेवटी एका डॉक्टरांनी नीट विचारपूस करून सांगितलं की ही अर्धशिशी आहे. जेवणाची वेळ टळणं हे अर्धशिशी उठायचं एक नेहमीचं कारण, म्हणून भूक आणि उलटी यांची सांगड आपण पित्ताशी घालतो. मला त्या बिस्किटांचा उपयोग नव्हता. मला साडेबाराचं जेवण साडेबाराला हवं होतं, तीनला नको होतं. त्यानंतर मधलं खाणं मी सोडलं आणि जेवणाची वेळ मात्र कुणासाठी हलू दिली नाही. डोकं पूर्ण थांबलं असं नाही, पण महिन्यातून चारदा उठायचं ते कधीतरी उठायला लागलं. जठरातल्या अल्सरचीही तीच गत. तोही लोक उपाशी राहण्याच्या माथी मारतात. त्यामागे बहुतेक वेळा एक जिवाणू किंवा दुखण्यावरच्या गोळ्या असतात. तो जिवाणू दाखवून देणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 साली नोबेल मिळालं. रिकाम्या पोटावर चहावर चहा ओतला तर छातीत जळजळणारच, पण तो दोष भुकेचा नाही.

आणि चहाचा विषय निघाला की मला आई आठवते.

वडिलांची भूक मी वर सांगितली, कारण ती सांगताना उर भरून येतो. त्याच घरात दुसरी एक भूक होती. आजीला बाराला वाढायचं, वडिलांचा डबा भरून द्यायचा, आम्ही भावंडं शाळेतून येऊ तसं आम्हाला वाढायचं, आणि मग आई तीनला बसायची. पहाटे पाचला उठलेली बाई. मधे तिचा आधार म्हणजे चहा. आठचा, अकराचा, एकचा. वडील चहाला नको म्हणायचे ते भूक मरू नये म्हणून, आणि आई चहा घ्यायची ती भूक मरावी म्हणून. तास मोजले तर दोघांच्या भुकेत फार अंतर नव्हतं. पण वडिलांना माहीत होतं की फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी एक वाजता आपल्याच आहेत. आईला टोपल्यात काय उरेल ते माहीत नसायचं. उरलं तर भाकरी, नाही तर भाताची खरवड आणि आमटीचं पाणी. जेवताना तिनं कधी डोळे मिटलेले मला आठवत नाहीत. ती एका हातानं जेवायची आणि दुसऱ्या हातानं पुढची भांडी गोळा करायची.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 या काळात, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याला कारणं बरीच आहेत. सगळ्यांच्या मागून, उरलेलं जेवणं हे त्यातलं एक आहे, आणि भूक मारायला घेतलेला चहा हे दुसरं. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शरीरात नीट जाऊ देत नाही. माझ्या आईचं हिमोग्लोबिन चाळिशीत आठच्या वर कधी गेलं नाही. तिला कुणी 'भूक लागू देणं आरोग्याला चांगलं' असं सांगितलं असतं, तर मी त्या माणसाला घरात घेतलं नसतं.

दिवसेंदिवस न भागणारी भूक माणसाचं काय करते, हे एका जुन्या प्रयोगात नोंदलं गेलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा इथं ॲन्सेल कीज यांनी 36 तरुणांना, त्यांच्या संमतीनं, जवळजवळ सहा महिने निम्म्याच्या आसपास अन्नावर ठेवलं. सगळे धट्टेकट्टे, निवडून घेतलेले. काही आठवड्यांत ते चिडचिडे झाले, खिन्न झाले, दिवसरात्र जेवणाचाच विचार करू लागले, स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसू लागले. भूक आणि उपासमार यांत शब्दाचाच फरक नाही, हे मुलांना शिकवताना मी हा प्रयोग सांगायचे. एकदा सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, दुष्काळात आमच्या आज्याचं असंच झालं होतं म्हणं." तो जतकडचा होता. पुढे काय बोलावं ते मला त्या दिवशी सुचलं नाही.

आणखी एक गोष्ट त्याच शाळेतली. सकाळच्या सत्राची शाळा, प्रार्थनेची वेळ. नववीतली एक मुलगी उभ्या उभ्या खाली कोसळली. शिक्षकखोलीत आणून पाणी मारलं, शुद्धीवर आली. "काय खाल्लं होतंस?" "चहा." "रात्री?" ती गप्प. साडेसहाची एसटी गाठायची तर घरी तवा तापायच्या आधी निघावं लागे, आणि आई-वडील दोघंही बागेत द्राक्षांच्या कामाला रात्री उशिरापर्यंत. मी माझा डबा तिच्यापुढे उघडला. पोळी आणि मेथीची भाजी. तिनं आधी अर्धीच पोळी मोडून घेतली. "घे सगळं," म्हटलं तर म्हणाली, "नको मॅडम, मला सवय हाय." ती दुसऱ्या अर्ध्या पोळीकडे बघत होती. तिनं ती घ्यावी म्हणून मला खोलीबाहेर जावं लागलं. परत आले तेव्हा डबा पुसून, झाकण लावून ठेवलेला होता.

आदल्या वर्षापर्यंत, आठवीत असताना, तिला शाळेत खिचडी मिळत होती. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. नववीत गेलं की ताट बंद. मुलीच्या अंगात रक्त, हाडं, उंची सगळं झपाट्यानं वाढायचं वय, मासिक पाळीत लोह जायचं वय, आणि नेमकं तिथंच आपण हात काढून घेतो. मिरज ओलांडून थोडं पुढे गेलं की कर्नाटक लागतं. तिथलं राज्य सरकार स्वतःच्या पैशातून दहावीपर्यंत शाळेत जेवण देतं. साखर कारखान्यांच्या आणि द्राक्षबागांच्या जिल्ह्याला हे जमणार नाही असं मला वाटत नाही. महाराष्ट्रानं नववी-दहावीला जेवण द्यावं, ही माझी या लेखातली पहिली मागणी आहे, आणि बाकी सगळ्यापेक्षा ती मला महत्त्वाची वाटते.

वाढत्या मुलांना भूक सोसायला शिकवू नये. त्यांचं पोट लहान आणि गरज मोठी, म्हणून लहानग्यांना दिवसातून चार-पाच वेळा खायला लागतंच. त्या विश्रामबागेतल्या मुलालाही दर दोन-तीन तासांनी द्यावं, फक्त ते मागायची संधी त्याला द्यावी आणि बिस्किटाऐवजी घरातलं काहीतरी द्यावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं, आजारातून उठलेल्यानं, आधीच वजन कमी असलेल्यानं, खाण्याशी मनाचं भांडण चालू असलेल्या तरुण मुलीनं भूक लांबवण्याचा प्रयोग करूच नये.

मधुमेहाची औषधं चालू असतील त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये. आमच्या गल्लीतले एक काका, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. कुठूनसा आलेला सल्ला वाचून त्यांनी सकाळची न्याहारी बंद केली, आणि ग्लिमेपिराइडची गोळी मात्र रोजच्यासारखी घेत राहिले. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता ते जिन्याच्या पायरीवर बसलेले दिसले. घामानं सदरा भिजलेला, हात थरथरताहेत, बोलणं तुटक. साखर तपासली तर 52. सत्तरच्या खाली गेली की धोका सुरू होतो. तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, तेव्हा माझे हात थरथरायचे थांबले. ही गोळी आणि इन्शुलिन तुम्ही जेवलात की नाही ते बघत नाहीत, रक्तातली साखर उतरवत राहतात. त्यामुळे जेवणाची वेळ बदलायची तर औषधाचा डोस आधी बदलावा लागतो, आणि तो डॉक्टरांनी बदलायचा असतो. भुकेचा घाम आणि साखर उतरल्याचा घाम यांतला फरक प्रत्येक मधुमेह्याच्या घरात माहीत असायला हवा.

आपल्या उपवासांबद्दल थोडं. एकादशी, दुप्पट खाशी, हे आपणच आपल्याबद्दल म्हणून ठेवलंय. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, वर दोन केळी. त्या दिवशी भुकेची गाठच पडत नाही. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, मी त्यात जात नाही. पण उपवास करणारी घरातली बाई सगळ्यांसाठी साधा स्वयंपाक आणि स्वतःसाठी वेगळं उपवासाचं असं दुप्पट रांधत असेल, तर तो दिवस तिच्या पोटाला हलका जातो असं म्हणवत नाही.

दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या जिल्ह्यात उतरतात. रानाच्या कडेला कोप्या पडतात. पहाटे अंधारात कोयते घेऊन माणसं फडात शिरतात आणि आदल्या रात्रीच्या भाकरीचा तुकडा कधी दहाला तर कधी बाराला खातात. त्या माणसांच्या कानावर 'थोडं उपाशी राहावं' ही आपली चर्चा गेली तर त्यांना काय वाटेल, हा विचार हे लिहिताना सतत माझ्या मनात आहे. शहरातही पाहा. कापडाच्या दुकानात दहा तास उभ्या असणाऱ्या मुली, रुग्णालयातल्या आया, एसटीचे वाहक. त्यांना मधे चहा मिळतो, कारण चहा पाच मिनिटांत संपतो. जेवायला अर्धा तास आणि बसायला जागा मिळत नाही. मालकांना 'चहापाणी दिलं' एवढ्यावर समाधान वाटतं. चहा कमी करा आणि जेवणाची सुट्टी ठरलेल्या वेळी द्या, एवढं एक केलं तरी कितीतरी पोटांना भूक लागेलही आणि ती भागेलही. सरकारी-निमसरकारी बैठकांतली बिस्किटं बंद करून बैठक जेवणाच्या वेळेआधी संपवायला काही हरकत नाही.

घरातलं काम याहून अवघड आहे. तुम्ही मधलं खाणं सोडून कडकडून भूक लागल्यावर ताटावर बसणार असाल, तर त्याच वेळी त्याच घरातल्या बाईचं ताटही वाढलेलं असलं पाहिजे. माझ्या सासरी हे जमायला अकरा वर्षं लागली. सासूबाईंना आधी ते उद्धटपणाचं वाटलं. मग एके दिवशी त्याच म्हणाल्या, "सगळी एकदमच बसूया, भाकरी थंड चालतात मला." तेव्हापासून आमच्याकडे पाटावर कुणी कुणाच्या मागे उरत नाही.

आई आता 84 वर्षांची आहे आणि गेली काही वर्षं माझ्याकडे असते. गेल्या पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. घरी आणल्यावर तीन आठवडे तिला भूक म्हणून लागली नाही. वय झालं की भुकेचा निरोप तसाही मंद होतो, आणि दुखण्यानं तर तो पार बंदच पडला होता. आम्ही घड्याळ लावून पेज, मऊ भात, दूध भरवायचो आणि ती आमच्यासाठी चार घास गिळायची. तपासायला येणारे डॉक्टर रोज नाडी बघायच्या आधी एकच विचारायचे, "आजी, भूक लागतीय का?" ती मान हलवायची. आमच्या भागात आजाऱ्याला सगळे हेच विचारतात, आणि भूक लागली असं कळलं की दुखणं हटलं म्हणून शेजारीपाजारीही निर्धास्त होतात.

एका सकाळी साडेअकराला मी कणीक आणि भाकरीचं पीठ काढत होते. ती भिंतीला धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. "काय गं, व्हायचाय का सैपाक अजून? भूक लागलीया मला." मी कणीक बाजूला सारली, परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, तवा चढवला. ती पाटावर बसून वाट बघत राहिली. चहा विचारला, तर नको म्हणाली. पहिली भाकरी टम्म फुगून तव्यावरून उतरली, तेव्हा तिनं आपणहून ताट पुढे केलं.